बुश बदलून मिळेल

मिक्सरच्या भांड्याच्या बुडातून काळं पाणी गळायला लागलं तेव्हाच समजलं की बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ते पितळी नळकांडं, गेला. ज्या घरात रोज नारळाचं वाटण होतं तिथे हा ओघळ ओळखीचा असतो, खोबरं, धणे, सुक्या मिरच्या, चिंच, हळद असं सगळं घालून हुमणाचं, म्हणजे माशाच्या आमटीचं, वाटण गंधासारखं बारीक करायचं म्हणजे पात्याखालच्या दांड्यावर केवढा ताण येतो ते नुसत्या आवाजावरूनच कळतं. तर भांडं पिशवीत घातलं आणि पणजीला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरचा मुलगा अगदी नम्र होता. त्याने कॉम्प्युटरवर मॉडेल नंबर टाकला आणि म्हणाला, हे मॉडेल आता बंद झालं, त्याची भांडी येत नाहीत, नुसता बुश आम्ही देत नाही, एक्सचेंजमध्ये नवीन मिक्सर घ्या. मग माझ्या हातातलं जुनं बिल बघून हसून म्हणाला, "नऊ वर्षं झाली ना मॅडम? मग झाले की पैसे वसूल!"

त्याच्या बोलण्यात खरंच वाईट असं काही नव्हतं, तो मला समजावत होता. पण बस बाणस्तारीला पोचेपर्यंत तेवढंच एक वाक्य डोक्यात फिरत राहिलं. मोटर उत्तम, बटणं उत्तम, पात्याला धार आहे, आणि बोटाच्या पेराएवढा एक पितळी तुकडा झिजला म्हणून पाच किलोची वस्तू टाकून द्यायची, का तर तिचे पैसे वसूल झाले. नऊ वर्षं रोज सकाळी जिच्या आवाजाने घर जागं झालं तिचा हिशोब असा एका वाक्यात मिटतो का?

मला तो मिटवायचा नव्हता.

फोंड्याच्या बाजारात मागच्या अंगाला एक दुकान आहे, दुकान कसलं, जिन्याखालची जागाच ती. बाहेर पत्र्यावर हाताने रंगवलंय, मिक्सर, पंखा, इस्त्री रिपेअर, बुश बदलून मिळेल. आत पन्नाशीचे एक गृहस्थ, समोर खोबरेलाच्या रिकाम्या डब्यांत स्क्रू, वायसर, कार्बन ब्रश सगळं वेगवेगळं लावून ठेवलेलं. त्यांनी भांडं उलटं धरलं, खालचा कपलर, म्हणजे भांडं मोटरला जोडणारी चकती, बोटाने हलवून बघितला आणि म्हणाले, "बुश गेला, बाय. पातें बरें आसा." मग पातं पक्कडीत धरून कपलर फिरवला, त्याचे आटे उलटे होते, म्हणजे चालताना तो सुटत नाही, उलट आवळतच जातो हे त्यांनी मला काम करता करता सांगितलं. जुना बुश ठोकून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. आतलं भोक गोल राहिलंच नव्हतं, एका बाजूला खाऊन लंबगोल झालेलं, दांडा त्यात लडबडत होता आणि त्या फटीतून पाणी. नवीन बुश बसवला, खाली रबरी वायसर, वर पातं, बोटाने एक गिरकी देऊन कान लावला. मग भांड्यात पाणी भरून ते वर्तमानपत्रावर ठेवलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पंखा उघडला. थोड्या वेळाने भांडं उचललं तर कागद कोरडा होता. सव्वाशे रुपये झाले.

आता बघा, मिक्सर ही वस्तू आपल्याकडे रुजली तीच मुळात अशा एका बिघाडातून. साठच्या दशकात सत्यप्रकाश माथूर नावाच्या इंजिनिअरच्या घरचा परदेशी मिक्सर जळाला, तो बनला होता तिकडच्या हलक्याफुलक्या कामासाठी आणि इथे त्याला वाटायला लागत होतं आपलं घट्ट वाटण, वर तो दुरुस्त करून देणारंही कुणी मिळेना. तेव्हा माथूरांनी आपल्या स्वयंपाकाला झेपेल अशा दणकट मोटरचा मिक्सर स्वतःच तयार केला, तोच पुढे घराघरातला सुमीत. माझ्या आतेकडे अजून एक आहे. आवाज असा की गणपतीत सकाळी तो लागला की शेजारच्यांना कळतं नैवेद्याची तयारी सुरू झाली. पण चालतो, आणि फोंड्यातले ते गृहस्थ त्याचे ब्रश बदलून देतात.

मला वाटतं आपण टिकाऊपणा नको त्या ठिकाणी शोधतो. दुकानात वस्तू हातात घेऊन वजन बघतो, टिचकी मारतो, वॉरंटी किती विचारतो. ते सगळं बघावंच, पण वस्तू टिकते ती ती उघडून बघणारा माणूस आपल्या हाताच्या अंतरावर आहे तोवरच. तो माणूस गेला की लोखंडाची वस्तूसुद्धा कागदाची होते.

आमच्या घरची आदोळी, म्हणजे विळी, घ्या. पाट फणसाच्या लाकडाचा, आजीच्या लग्नाच्या वेळचा असं सांगतात, बसून बसून मधे घोळ पडलाय, हळदीचा आणि माशाच्या रक्ताचा रंग मुरून लाकूड आता जवळपास काळं. पातं मात्र आजीच्या वेळचं नाही, ते दोनदा तरी बदललंय, टोकाला खोबरं खवायचे दाते बोथट झाले की कानशीने ते परत काढून आणायचे. हे काम आम्ही डिचोलीकडच्या एका लोहाराकडे देत आलो. लहानपणी बाबांबरोबर गेले होते तेव्हा बघितलेलं अजून आठवतंय. खाणींवरच्या ट्रकांचे मोडलेले पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या त्या जाड पट्ट्या, अंगणात रचलेल्या. त्या पोलादाचा कोयता जसा होतो तसा बाजारच्या लोखंडाचा होत नाही असं तो म्हणायचा. भात्याने विस्तव फुलवायचा, पट्टी लालभडक करून ऐरणीवर ठोकायची, शेवटी पाणी द्यायचं. पाण्यात घातलं की पातं कडक होतं पण ठिसूळही होतं, नारळाच्या करवंटीवर आपटलं तर तुकडा उडेल, म्हणून ते घासून पांढरं करून परत हलकंसं तापवायचं आणि त्यावर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग सरकत येतो तो बघत बसायचं. रंग धारेपाशी पोचला की झटकन पाण्यात. एक क्षण जास्त गेला तर रंग निळा होतो आणि पातं मऊ पडतं. तो बोलायचा थांबायचा त्या वेळी. बाबापण.

मग 2012 ला खाणी थांबल्या, पुढे 2018 ला सुप्रीम कोर्टाने लीजं रद्द केली, रस्त्याकडेला ओळीने उभे राहिलेले ट्रक हळूहळू भंगारात गेले. मागच्या खेपेला गेले तर लोहाराच्या अंगणात पाटे हवे तेवढे होते, कोयते मात्र मोजकेच. माडावर चढणारे पाडेली कमी झाले, खवलेलं खोबरं पाकिटात मिळतं, मासे बाजारातच कापून देतात. त्याचा मुलगा वेर्ण्याला फॅक्टरीत आहे, चांगली नोकरी आहे, आणि ती त्याने सोडावी असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार? भट्टीसमोर उभं राहणं सोपं नसतं. पण त्या पोराने पिवळ्या रंगाची ती वेळ कधी बापाशेजारी बसून बघितली असेल का, हा विचार येतोच.

आईला या सगळ्या जुन्याचं फार कौतुक नाही. आमच्याकडे पितळेची टोपं होती, तांब्याचा हंडा होता, आणि वर्षातून एकदा कल्हईवाला यायचा, बहुतेक चतुर्थीच्या आधी. अंगणात खड्डा करून कोळसे पेटवायचा, टोप तापलं की आत नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर उठायचा आणि तो नाकात असा झोंबायचा की आम्ही पोरं खोकत पळायचो आणि लगेच परत यायचो. मग कथलाची कांडी टेकवायची, कथील 232 डिग्रीलाच वितळतं, त्यामुळे तापलेल्या टोपात ते पाण्यासारखं पळायचं आणि तो कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवायचा. काळंबेरं टोप बघता बघता चांदीचं. थंड पाण्यात बुडवलं की चर्र. आम्हाला ती गंमत होती. पण आई म्हणते, तुम्ही वर्षातला तो एक दिवस बघितलात, आम्ही उरलेलं वर्ष बघितलं. चिंच आणि राख लावून बाहेरून घासायचं, विहिरीवरून भरलेला हंडा कमरेवर आणायचा, आतली कल्हई उडायला लागली की आंबट काही त्यात ठेवायचं नाही, सोलांचं सार विसरून राहिलं तर कळकलंच, सगळं ओतून द्यायचं. "ती भांडी टिकली ती आमच्या हातांच्या जोरावर," असं ती एकदा म्हणाली, अगदी शांतपणे. जुन्या साड्यांवर स्टीलचे डबे घेतले तो दिवस तिला अजून आठवतो. त्यामुळे जुनं ते सोनं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. टिकणाऱ्या वस्तूमागे कुणाची तरी पाठ वाकलेली असते आणि ती बहुतेक बाईचीच असते, हे धरूनच पुढचं बोलायला हवं.

आणि स्टील काही कमी टिकलं नाही.

आमच्या मांडणीवर एक डबा आहे, त्याच्या कडेला ठिपक्याठिपक्यांनी काकांचं नाव घातलंय, लग्नाची तारीख, आणि खाली देणाऱ्याचं नाव. अशी नावं घातलेली भांडी घरभर आहेत. ताटं, वाट्या, तांब्ये, कितीतरी माणसं गेली पण त्यांच्या नावाचं ताट जेवायला रोज समोर येतं. ही भांडी कधी डागाळली नाहीत, आणि हल्ली मडगावला घेतलेल्या एका चमचाळ्यावर मात्र पहिल्याच पावसाळ्यात तांबूस ठिपके आले. चौकशी केली तेव्हा समजलं की स्टील म्हणून मिळतं ते सगळं एक नसतं. 304 नंबरच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, निकेल महाग, म्हणून 202 सारख्या नंबरात ते कमी करून मँगनीज घालतात, दिसायला तेवढंच चकचकीत पण आपल्या खाऱ्या हवेत लवकर डाग धरतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, चिकटलं नाही म्हणजे भारी माल, पण 202 ला सुद्धा चुंबक नीट चिकटत नाही, त्यामुळे त्या प्रयोगाला अर्थ नाही. भांड्याच्या बुडावर नंबर छापलाय का ते बघायचं, आणि नसेल तर ज्या दुकानदाराकडे परत जाऊन भांडता येईल अशाकडूनच घ्यायचं.

गोव्यात वस्तू टिकवणं म्हणजे निम्मं काम पावसाशी. वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जूनपासून चपलेला बुरशी, पुस्तकांना वास, कपाटाचं दार फुगून अडकतं. बिडाचा तवा एक रात्र ओला राहिला तर सकाळी नारिंगी. गंज चढला की तो लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून पापुद्रा सुटतो, खालचं कोरं लोखंड परत उघडं पडतं आणि परत गंजतं, तो स्वतःहून थांबत नाही. आमच्याकडे सगळ्याला एकच औषध, खोबरेल. केसाला, दिव्याला, तव्याला, शिवणयंत्राला. यातलं काय बरोबर नि काय नाही हे मला बऱ्याच वर्षांनी नीट कळलं. आदोळीच्या पात्याला, कोयत्याला खोबरेल उत्तम, पातळ थर राहतो आणि लवकर चिकट होत नाही. पण तव्यावर जो काळा तुकतुकीत थर बसावा लागतो तो तेल तापून, हवेशी संयोग होऊन घट्ट झाल्याने बसतो, आणि खोबरेल त्या बाबतीत फार आळशी तेल, ते सुकतच नाही. त्यापेक्षा सूर्यफूल, सोयाबीन किंवा जवसाचं. तवा तापवायचा, दोन थेंब तेल टाकून फडक्याने असं पुसायचं की वाटावं सगळं पुसूनच काढलं, मग धूर येईपर्यंत ठेवायचा, आणि हेच परत परत. तेल जास्त झालं की चिकट ओघळ येतात. शिवणयंत्राला तर खोबरेल नकोच, 24 डिग्रीच्या खाली ते थिजायला लागतं आणि डिसेंबरातल्या सकाळी यंत्र जड का चालतं याचा पत्ता लागत नाही. त्याचं वेगळं खनिज तेल मिळतं, छोटीशी बाटली, वर्षभर पुरते.

बाबांकडे एचएमटीचं जनता घड्याळ होतं, रोज सकाळी देवपूजा झाली की किल्ली द्यायचे. एचएमटीने 1961 साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली, त्याच वर्षाच्या शेवटी गोवा मुक्त झाला, म्हणून बाबा त्या घड्याळाला आमच्याबरोबरचं म्हणायचे. कारखाना आता बंद आहे पण घड्याळ पणजीतला घड्याळजी अजून साफ करून देतो कारण ते उघडतं, त्याचे भाग सुटे होतात आणि ते कसे बसतात हे त्याला ठाऊक आहे. याच्या अगदी उलट गोष्ट बल्बची. 1924 ला जिनिव्हात जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलं की बल्ब 1000 तासच चालावा, आधी दीड-दोन हजार तास चालणारे बल्ब मिळत होते, आणि ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्या कंपनीला दंड. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला होता, अजूनही येतो. माणसं हुशारी वापरून एखादी गोष्ट मुद्दाम कमी टिकेल असं करतात, त्यासाठी तपासण्या करतात, आणि ती हुशारी शिकायलाही कुणीतरी शाळेत गेलेलं असतं.

म्हणून फ्रान्सने 2021 पासून मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी त्याचे दहापैकी गुण छापायला लावले तेव्हा फार बरं वाटलं. आपल्याकडेही ग्राहक मंत्रालयाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल सुरू केलं, शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली यंत्रं आणि गाड्या अशी चार क्षेत्रं घेतली. सुरुवात म्हणून चांगलंच. पण पोर्टलवर सर्व्हिस सेंटरचा नंबर मिळाला तरी शेवटी ते भांडं उलटं धरून बुश ठोकून काढणारा माणूस लागतोच, आणि त्या माणसाचं जिन्याखालचं दुकान, त्याचं भाडं, त्याच्या पोरांना त्या कामाची वाटणारी लाज, हे कुठल्या फॉर्मात भरायचं?

गेल्या महिन्यात लेकीने पर्वरीला भाड्याने फ्लॅट घेतला, तिच्याबरोबर म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेले. तिला कुकर, कढई, सुरी, झाडू, छत्री असं सगळंच घ्यायचं होतं आणि तिला वाटत होतं आई आता ब्रँड सांगेल. मी तिला एवढंच म्हटलं, कान रिव्हेटने बसवलेत का बघ, नुसते डागलेले सुटतात. स्क्रू दिसतायत का बघ, चिकटवून बंद केलेली वस्तू कुणालाच उघडत नाही. कुकर असाच घे ज्याची गॅस्केट आणि व्हॉल्व्ह तुझ्या बिल्डिंगखालच्या दुकानात टांगलेले असतील. आणि छत्रीची काडी मोडली तर हीच काडी मेच्या शेवटी बाजारात बसणाऱ्या छत्रीवाल्याकडे मिळेल का, ते त्यालाच विचार. तिने विचारलं. तो म्हणाला लाकडी दांड्याची घ्या, हिच्या काड्या माझ्याकडे आहेत, ती घडीची आणू नका. तिला घडीचीच हवी होती, ऑफिसच्या बॅगेत मावते म्हणून, आणि ते तिचंही खरंच होतं. शेवटी दोन्ही घेतल्या. आदोळी मात्र तिने नको म्हटलं, खाली बसून चिरायला तिला जमत नाही, ओट्यावरची सुरी बरी. मी आग्रह केला नाही. आजीच्या आदोळीला डिचोलीला धार लावून आणायची आहे, ते मीच करीन.

सध्या आमच्याकडे फ्रीजवरून वाद चाललाय. अठरा वर्षांचा आहे, मागची कॉइल खाऱ्या हवेने खाल्ली, गॅस गळतो, दोनदा भरून झाला. ह्यांचं म्हणणं आता पुरे, नवीन फ्रीज वीज कितीतरी कमी खातो, आणि हे त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही, जुना फ्रीज चालवत राहणं म्हणजे दर महिन्याच्या बिलातून त्याची किंमत परत परत भरणं. माझं म्हणणं एकदा कॉइल बदलून बघू, कॉम्प्रेसर अजून चांगला आहे, चालू होताना थरथरत नाही. मेकॅनिक गुरुवारी येतो म्हणालाय. कॉइल तांब्याची मिळाली आणि जोड नीट बसला तर ठेवायचा, नाहीतर नवीन, आणि नवीन घेतला तर दुकानात स्टार किती ते हे बघतील, मी मात्र आधी याच मेकॅनिकला फोन लावून विचारणार, की यातला कुठला तुम्ही उघडता.